बेटावर घडलेल्या गाड्या : हवाईच्या हॉट रॉडचा इतिहास

हॉट रॉडचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक कॅलिफोर्नियापासून सुरुवात करतात, आणि त्यात गैर काही नाही. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावीच्या वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली विस्तीर्ण तळी आहेत. त्यांच्या टणक, सपाट तळावर दुसऱ्या महायुद्धाआधीच तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्या घेऊन जमू लागली होती. मडगार्ड, बोनेट, काचा, जे जे काढता येईल ते काढून ठेवायचे आणि गाडी किती पळते ते घड्याळ लावून पाहायचे, हा त्यांचा नाद. 1937 साली अशा क्लबांनी मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ काढली. जानेवारी 1948 मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचे ‘हॉट रॉड’ मासिक निघाले आणि 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. या सगळ्या कथेत हवाई बेटांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते : नौदलाचे शिपाई आणि लाटांवर स्वार होणारे सर्फर यांनी हे वेड तिकडे नेले, इतकीच. ही ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. सुटे भाग, मासिके, फॅशन हे सारे कॅलिफोर्नियाहून आले हे मान्य. मात्र ते बेटावर रुजले, कारण गाडी कापून, जोडून, हवी तशी घडवणारे हात तिथे आधीपासून होते. आणि समुद्र, गंज, जहाजाचे भाडे, जागेची चणचण या बेटाच्या अडचणींनी त्या वेडाला स्वतःचे वळण दिले.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते नीट पाहू. फोर्डची ‘मॉडेल टी’ 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या घरात तयार झाली. त्यामुळे पुढच्या पिढीतल्या गरीब पोरांना जुनी फोर्ड कवडीमोलाने मिळू लागली. 1932 साली फोर्डने सर्वसामान्यांच्या गाडीत आठ सिलिंडरांचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-एट इंजिन बसवले आणि चित्रच पालटले. हलकी जुनी बॉडी आणि तिच्यात ताकदवान इंजिन, ही हॉट रॉडची साधी व्याख्या. कस्टम कारचे गणित वेगळे. तिथे वेगापेक्षा रूप महत्त्वाचे. गाडीचा टप खाली घेणे हे त्यातले सर्वांत अवघड काम. टपाला आधार देणारे खांब आडवे कापायचे, प्रत्येकातून चार-पाच इंचांचा तुकडा काढायचा आणि टप पुन्हा खाली बसवायचा. ऐकायला सोपे वाटते, पण काचेभोवतीचे खांब तिरके असतात. त्यामुळे टप खाली आला की खांबांची वरची टोके खालच्या टोकांशी जुळत नाहीत. मग टपाचा पत्रा मधोमध उभा-आडवा चिरून त्यात पट्ट्या भराव्या लागतात, दरवाज्यांच्या चौकटी नव्याने बसवाव्या लागतात, काचा कापून घ्याव्या लागतात. आज गॅरेजमध्ये सांधे झाकायला लांबी लावतात. त्या काळी शिसे वितळवून ते लाकडी पट्टीने सांध्यावर पसरत आणि कानशीने घासून सपाट करत. थोडक्यात, हा नाद पैशांपेक्षा हातातल्या कसबावर चालणारा होता.

हे कसब हवाईत कुठून आले? त्याचे उत्तर मोटारींच्या दुकानात नाही, उसाच्या मळ्यांत आहे. होनोलुलूत पहिल्या मोटारी 1899 साली उतरल्या, हवाई अमेरिकेत विलीन झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. तोवर या बेटांवर वाफेवर चालणारे साखर कारखाने, ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेगाड्या आणि पाण्याचे प्रचंड पंप अनेक वर्षे सुरू होते. ही यंत्रे बिघडली की दुरुस्तीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला पाठवणे परवडणारे नव्हते, कारण किनारा जवळजवळ 3,900 किलोमीटर दूर. म्हणून मोठ्या मळ्यांच्या स्वतःच्या कार्यशाळा होत्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला ‘होनोलुलू आयर्न वर्क्स’ हा कारखाना साखर गिरण्यांची यंत्रे तिथेच ओतून, घडवून देत असे. जपान, चीन, पोर्तुगाल, फिलिपाइन्स आणि कोरियातून मळ्यांवर मजुरीला आलेल्या कुटुंबांसाठी मळ्याच्या राबणुकीतून सुटण्याची एक वाट या कार्यशाळांतून जात होती. लेथ चालवणारा, झाळकाम करणारा, पत्रा ठोकणारा माणूस कुठेही पोट भरू शकत होता. पीटर फुकुनागा या जपानी स्थलांतरिताने 1919 मध्ये ओआहू बेटावरच्या हालेइवा गावात एक छोटे गॅरेज काढले. त्याचाच विस्तार होऊन उभी राहिलेली ‘सर्व्हको’ ही कंपनी पुढे हवाईत टोयोटा गाड्यांची वितरक झाली. असे मिस्त्री गावोगावी होते म्हणूनच पुढे हॉट रॉडला जमीन मिळाली.

या कसबाचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे हिलो शहरातली ‘साम्पान बस’. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावरचे हे बंदराचे शहर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे. इथल्या कारागिरांनी, आणि त्यांत जपानी वंशाचे कारागीर बहुसंख्य होते, 1920 च्या दशकापासून साध्या मोटारींची रूपे बदलायला सुरुवात केली. पुढचा भाग, म्हणजे बोनेट, दिवे, चालकाची जागा, मूळ गाडीचाच ठेवायचा. चालकाच्या मागे बॉडी कापून टाकायची. तिथे दोन्ही बाजूंनी उघडा, गोलसर पाठीचा सांगाडा उभा करायचा, आपल्याकडच्या वडापच्या जीपसारखी समोरासमोर लांब बाकडी टाकायची आणि वर टप बसवायचा. पाऊस आला की कडेला गुंडाळून ठेवलेली कॅनव्हासची कापडे सोडायची, ऊन पडले की पुन्हा गुंडाळायची. दोन गाड्या एकसारख्या नसत. कुणाचा टप अधिक वळणदार, कुणाच्या मागच्या मडगार्डांना जास्त फुगवटा, आणि रंग असे भडक की गल्लीच्या टोकावरून कोणाची गाडी येते ते कळावे. 1 एप्रिल 1946 च्या त्सुनामीने हिलोच्या रेल्वेची वाताहत केली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. या बसगाड्या मात्र 1970 च्या दशकापर्यंत माणसे वाहत राहिल्या.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल : साम्पान बस ही प्रवासी गाडी, पोटापाण्याची वस्तू. तिला हॉट रॉडच्या वंशावळीत ओढणे ही जबरदस्ती नव्हे काय? वेग हीच कसोटी मानली तर हरकत योग्य आहे, कारण ती बस काही शर्यतीत धावत नव्हती. पण कस्टम कारची कसोटी वेग कधीच नव्हती. कारखान्यातून आलेली गाडी ही अंतिम वस्तू न मानता कच्चा माल मानायची, तिचे प्रमाण बदलायचे, तिला घडवणाऱ्याची छाप द्यायची, ही कसोटी लावली तर साम्पान बस तिला पूर्णपणे उतरते. लॉस एंजेलिसमधले जॉर्ज आणि सॅम बॅरिस हे भाऊ 1940 च्या दशकात मर्क्युरी गाड्यांचे टप कापून नावारूपाला आले. हिलोचे मिस्त्री त्याच्या कितीतरी आधीपासून गाड्यांच्या बॉडी कापत होते, फक्त त्यांची छायाचित्रे मासिकांत छापली जात नव्हती. हिलोच्या बसमधून हॉट रॉड जन्मला असा दावा मी करत नाही. पत्र्याला हात घालायचे धाडस आणि त्याची रीत बेटावर आयात करावी लागली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मग युद्ध आले. 7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी लागू झालेला लष्करी कायदा ऑक्टोबर 1944 पर्यंत उठला नाही. पेट्रोलचे रेशनिंग, रात्रीचा काळोख, आणि लोकसंख्येत तिसऱ्या हिश्शाहून अधिक असलेल्या जपानी वंशाच्या रहिवाशांवर संशयाची नजर, अशा त्या वातावरणात मोटारींची हौस कोण करणार? फेब्रुवारी 1942 पासून अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादनच थांबले होते, तेव्हा जुनी गाडी टिकवणे हीच मोठी कारागिरी ठरली. पण युद्धाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक म्हणजे यंत्रांवर हात बसलेली तरुण पिढी आणि मोडीत निघालेले लष्करी सामान. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : धावपट्ट्या. ज्या बेटावर सरळ, रुंद, मोकळा रस्ता सापडणे मुश्कील, तिथे लष्कराने विमानांसाठी लांबलचक पट्ट्या बांधल्या आणि युद्ध संपताच त्यांतल्या कित्येक ओस पडल्या. ओआहूच्या उत्तर टोकाकडची कहुकु आणि मोकुलेइआजवळचा डिलिंगहॅम तळ इथे मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या. माउई बेटावर पुउनेने येथील नौदलाच्या जुन्या तळावर पुढे ड्रॅग शर्यतींची, म्हणजे सरळ पट्टीवरच्या थोड्या अंतराच्या शर्यतींची, पट्टी आली. शहरात होनोलुलू स्टेडियमवर छोट्या मिजेट आणि स्टॉक गाड्या गर्दी खेचत. कॅलिफोर्नियाला निसर्गाने कोरडी तळी दिली, हवाईला ती सोय युद्धाच्या उष्ट्यातून मिळाली.

कॅलिफोर्नियाचे ऋण याच काळातले आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. मुख्य भूमीवरून बदलीवर येणाऱ्या सैनिकांच्या खासगी गाड्या सरकारी खर्चाने बेटावर येत. लष्करी तळांवर सैनिकांना फावल्या वेळात स्वतःच्या गाडीवर काम करता यावे म्हणून अवजारांनी सज्ज कार्यशाळा असत. मासिकांतून एडलब्रॉकचे मॅनिफोल्ड, इस्केंडेरियनचे कॅमशाफ्ट अशा इंजिनाच्या भागांची कीर्ती पोहोचली होती. 1954 पासून माकाहा येथे आंतरराष्ट्रीय सर्फिंग स्पर्धा भरू लागल्या आणि कॅलिफोर्नियाची सर्फर मंडळी हिवाळ्यात ओआहूच्या किनाऱ्यावर तळ ठोकू लागली. लांबलचक फळ्या वाहून नेण्यासाठी त्यांना मोठी आणि स्वस्त गाडी लागे. ती मोडकी असली तरी चाले. लाकडी बॉडीची जुनी स्टेशन वॅगन आणि सर्फिंग यांची जोडी लोकांच्या मनात बसली ती याच सुमारास. 1955 साली शेव्हर्लेचे आटोपशीर, वजनाला हलके व्ही-एट इंजिन आले आणि फोर्डच्या जुन्या इंजिनाची सद्दी संपत गेली. हे सारे बदल हवाईत थोड्याफार उशिराने, पण जसेच्या तसे पोहोचले. तंत्राच्या बाबतीत हवाई शिष्यच होती.

पण शिष्याची परिस्थिती गुरूपेक्षा अगदी निराळी होती. लॉस एंजेलिसमध्ये भंगाराचे वाडे मैलोन्‌मैल पसरलेले. एखादा गिअरबॉक्स फुटला तर दुपारी दुसरा आणून संध्याकाळी गाडी रस्त्यावर. ओआहू बेट सारे मिळून सुमारे 1,545 चौरस किलोमीटरचे. तिथे नसलेला भाग जहाजानेच यायचा. 1920 च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकेच्या दोन बंदरांमधली वाहतूक अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या जहाजांनीच करावी लागते, त्यामुळे भाडे चढे. मॅटसन कंपनीने ऑगस्ट 1958 मध्ये या मार्गावर कंटेनर आणले आणि वाहतूक सुधारली, तरी समुद्र काही अरुंद झाला नाही. दुसरा शत्रू गंज. व्यापारी वारे वर्षातला बराच काळ खारट तुषार घेऊन जमिनीवर येतात. नेवाडाच्या वाळवंटात पन्नास वर्षे उघड्यावर पडलेल्या गाडीचा पत्रा शाबूत सापडतो. हवाईत किनाऱ्याजवळ ठेवलेल्या गाडीचा तळ, दरवाज्यांची खालची घडी आणि काचेभोवतीच्या खाचा थोड्या वर्षांत पापुद्र्यासारख्या सुटतात. म्हणून बेटावर जुनी गाडी राखणे म्हणजे सतत पत्रा कापून नवा जोडणे. मुख्य भूमीवर जे काम हौसेने केले जाते ते इथे गाडी जगवण्यासाठीच करावे लागते. ज्याला तळाचा अख्खा पत्रा बदलता येतो त्याला टप कापण्याची भीती कसली? हवाईच्या हॉट रॉडचा वेगळेपणा मला इथे दिसतो. तो कुठल्या खास रंगात किंवा फुलाफुलांच्या नक्षीत शोधू नये.

या परंपरेत दम होता की नाही याची परीक्षा मुख्य भूमीवरच झाली. होनोलुलूचा रोलंड लिओंग हा विशीतला चिनी वंशाचा तरुण 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात दाखल झाला. 1964 मध्ये लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्याने आपला नवाकोरा टॉप फ्युएल ड्रॅगस्टर स्वतः चालवला. पहिल्याच धावेत गाडी पट्टी संपली तरी थांबली नाही, आणि पलीकडच्या रेल्वेच्या रुळांवरून जाऊन आदळली. इंजिन बांधणारे कीथ ब्लॅक यांनी त्याला चालकाची जागा डॉन प्रूडोमकडे सोपवायला सांगितले, आणि लिओंगने ते ऐकले. 1965 साली ‘द हवाइयन’ हे नाव मिरवणाऱ्या त्या गाडीने पोमोनाची विंटरनॅशनल्स आणि इंडियानापोलिसची यू. एस. नॅशनल्स या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. 402 मीटरच्या धावेत या वर्गातल्या गाड्या ताशी 320 किलोमीटरच्या पुढे जात होत्या. प्रूडोम पुढे वेगळा झाला. लिओंगने माइक स्नायव्हलीला बसवले आणि 1966 मध्ये त्याच दोन स्पर्धा पुन्हा जिंकल्या. चालक बदलला तरी निकाल बदलला नाही, याचा अर्थ गुण गाडीच्या बांधणीत आणि तिच्या मागच्या माणसात होता. 2023 मध्ये लिओंग वारला, तोवर ‘द हवाइयन’ हे नाव ड्रॅग शर्यतींच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले होते.

दुसरा डॅनी ऑनगेस. जन्म 1942, माउईवरच्या काहुलुईचा. आधी मोटारसायकल, मग सैन्यात छत्रीधारी शिपाई, मग ड्रॅग शर्यती. 1969 मध्ये मिकी थॉम्पसनच्या निळ्या मस्टँगमधून त्याने यू. एस. नॅशनल्समध्ये फनी कार गटात बाजी मारली. पुढे गोल ट्रॅकवर उतरून 1978 च्या एकाच हंगामात त्याने इंडी कार गटात पाच शर्यती जिंकल्या, आणि 1979 मध्ये डेटोनाच्या 24 तासांच्या शर्यतीत विजयी संघात तो होता. यावर आक्षेप येतो तो असा : लिओंग काय, ऑनगेस काय, दोघे मोठे झाले ते बेट सोडल्यावर. मग श्रेय बेटाचे कसे? हा आक्षेप वजनदार आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. व्यावसायिक शर्यतीत पैसा, प्रायोजक आणि मोठ्या पट्ट्या लागतात. या गोष्टी हवाईत नव्हत्या आणि असणे शक्यही नव्हते. मात्र दोघेही तिकडे नवखे म्हणून गेले नाहीत. शर्यतीची गोडी त्यांना बेटावरच लागली होती. ज्या समाजाकडे चार-दोन पट्ट्याच आहेत, त्यातून एका पिढीत असे दोघे निघावेत, हा निव्वळ योगायोग मानणे मला अवघड जाते.

आणखी एक आक्षेप जुन्या गाड्यांचे निष्ठावान संग्राहक घेतात : 1932 ची अस्सल फोर्ड कापणे म्हणजे इतिहासाचा नाश. मूळ स्थितीतली गाडी दुर्मीळ असेल तर ती कापू नये, हे मलाही पटते. पण हवाईच्या खाऱ्या हवेत हाताळली न गेलेली जुनी गाडी बहुधा मूळ स्थितीत उरतच नाही, ती गंजून संपते. जी गाडी कुणी कापली, जोडली, रंगवली, तीच वापरात राहिली आणि म्हणून वाचली. शिवाय पन्नास-साठ वर्षांपूर्वी केलेला फेरबदल हाही आता इतिहासच आहे. होनोलुलूत बांधणीत फेरबदल केलेल्या गाडीची वेगळी सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, लोक तिला ‘रीकॉन’ म्हणतात. एखाद्या ठिकाणच्या प्रशासनाला अशी तपासणी रोजच्या कारभारात बसवावी लागते, तेव्हा तो छंद मूठभरांचा राहिलेला नसतो. आज बेटावरच्या रस्त्यांवर उंच केलेल्या, जाडजूड टायरांच्या टोयोटा पिकअप दिसतात. त्यांत क्रोम नाही, व्ही-एट नाही, पण कारखान्याचा माल आपल्या हाताने बदलण्याची वृत्ती तीच आहे.

आता उरतो प्रश्न जागेचा. ओआहूवर कॅम्पबेल औद्योगिक वसाहतीत 1960 च्या दशकापासून चाललेले ‘हवाई रेसवे पार्क’ 2006 च्या एप्रिलमध्ये बंद झाले. हिलो, माउई, कौआई इथे पट्ट्या राहिल्या, पण राज्यातील बहुसंख्य लोक ज्या बेटावर राहतात तिथे ड्रॅग शर्यतीसाठी कायमची जागा राहिली नाही. आवाज, अपघात, धूर ही विरोधाची कारणे खरी आहेत आणि जमिनीचे भाव आकाशाला भिडलेल्या बेटावर ती अधिकच खरी ठरतात. तरीही पट्टी बंद केल्याने वेगाची ओढ बंद होत नाही. ती सार्वजनिक रस्त्यावर येते, तेही रुग्णवाहिका आणि डॉक्टर हाताशी नसताना. म्हणून हवाईच्या हॉट रॉडचा इतिहास जपायचा तर संग्रहालयात दोन चकचकीत गाड्या उभ्या करून भागणार नाही. हिलोच्या मिस्त्र्यांची नावे आणि त्यांच्या कामाची छायाचित्रे गोळा व्हावीत, मळ्यांच्या कार्यशाळांची नोंद व्हावी आणि ओआहूवर एक सुरक्षित पट्टी पुन्हा उभी राहावी. कॅलिफोर्नियाने हवाईला इंजिने दिली, हे हॉट रॉडच्या इतिहासात लिहिलेले आहेच. ती इंजिने ज्या हातांत पडली ते हात आधीच तयार होते, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे.